यती, बिगफूट की दारातलं माकड? कोकणच्या रानात भीती कोणाची धरावी

आंबोली, तिल्लारी, चांदोली किंवा संगमेश्वरच्या वरच्या अंगाला दोन दिवस राहायचा बेत ठरतो आणि नेमका तेव्हाच कुटुंबाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडतो. अंधुक, केसाळ, दोन पायांवर चालणारं काहीतरी झाडीत शिरतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘कोकणच्या जंगलात वनमाणूस, पर्यटकांनी सावध राहावे’. आजी म्हणते पोरांना नेऊ नका. काका म्हणतात सगळं थोतांड आहे. काकांचं बरोबर आहे, पण थोतांड म्हणून मोबाइल खिशात टाकल्यावर जे खरोखर चावतं त्याची तयारीही काका करत नाहीत.

म्हणून दंतकथेतले माकडमानव आणि सह्याद्रीत खरोखर भेटणारे प्राणी इथे शेजारी शेजारी ठेवले आहेत. प्रत्येकाला चारच प्रश्न: तो आहे का, त्याने माणसाला इजा केल्याची पक्की नोंद आहे का, त्याच्या नावावर इजा नेमकी कोण करतं, आणि त्यासाठी आपण काय करायचं.

यती

यतीचं नाव जगभर झालं ते १९२१ पासून. चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या एव्हरेस्ट मोहिमेला उंचावरच्या बर्फात पावलांचे ठसे दिसले. हमालांनी सांगितलेल्या नावाचं हेन्री न्यूमन या पत्रकाराने कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये ‘घृणास्पद हिममानव’ असं भडक भाषांतर केलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. १९५१ मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर एका ठशाचा फोटो काढला. मापासाठी शेजारी आइस-ॲक्स ठेवलेला हा फोटो आजही फिरतो.

पुरावे तपासले गेले तेव्हा काय निघालं? एडमंड हिलरी १९६०-६१ च्या मोहिमेत खुमजुंगच्या गोंपातली (बौद्ध मठातली) ‘यतीची टाळू’, म्हणजे डोक्यावरची कातडी, तपासायला घेऊन गेले. ती सेरो या बकरीच्या कुळातल्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची निघाली. २०१७ मध्ये बफेलो विद्यापीठाच्या शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, कातडी, केस, विष्ठा असे नऊ नमुने डीएनएने तपासले. आठ अस्वलांचे होते, नववा कुत्र्याचा.

मग ते अवाढव्य ठसे? अस्वल चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर टाकतं. दोन ठसे मिळून एकच लांब, माणसासारखा ठसा तयार होतो. वर ऊन पडलं की बर्फ कडेने वितळतं आणि ठसा पसरतो. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने मकालू शिखराच्या तळाजवळ दिसलेल्या ३२ इंच बाय १५ इंच ठशांचे फोटो जाहीर केले होते. माणसाचं पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण १५ टक्के असतं. तो हिशेब ३२ इंचांना लावला तर प्राणी साडेसतरा फुटांच्या वर जातो, म्हणजे दीड मजली घर. एवढं धूड याकच्या वाटांवर चरत असतं तर शेण तरी सापडलं असतं.

इजेची हकिकत म्हणून १९७४ ची एक घटना सांगतात. एव्हरेस्ट भागात माच्छेर्मोजवळ शेर्पा मुलीवर हल्ला झाला आणि याक मारले गेले, असं ते वर्णन आहे. याक मारणं हे तिबेटी तपकिरी अस्वलाला सहज जमतं, वेगळा मारेकरी शोधायची गरज पडत नाही. नेपाळने मात्र यतीच्या जिवाची काळजी कागदावर घेतली होती. १९५९ च्या अमेरिकन दूतावासाच्या टिपणात ते नियम आहेत: शोधमोहिमेला परवाना, त्यासाठी ५,००० रुपये, फोटो काढा, जिवंत पकडा, पण स्वतःचा जीव वाचवायचा प्रसंग सोडून मारायचं नाही.

हिमालयात जाणाऱ्या कोकणी माणसाने यादीतून यती काढावा आणि त्या जागी काळं अस्वल लिहावं. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात ते माणसावर हल्ले करतं, बहुतेक चेहरा आणि डोक्यावर. मक्याची शेतं आणि सफरचंदाच्या बागा पिकतात त्या दिवसांत तिन्हीसांजेला त्यांच्या कडेने एकट्याने चालू नये, तंबूत खाणं ठेवू नये.

बिगफूट

अमेरिकेतल्या या माकडमानवाचा जन्म जवळपास तारखेनिशी सांगता येतो. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला रस्त्याच्या कामावर मोठाले ठसे दिसले आणि तिथल्या वर्तमानपत्राने ‘बिगफूट’ हे नाव छापलं. त्या कामाचा ठेकेदार रे वॉलेस २००२ मध्ये वारला, तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेली मोठी पावलं बाहेर काढली. बिगफूट टिपल्याचा दावा करणारी १९६७ ची प्रसिद्ध पॅटरसन-गिमलिन फिल्म याच ब्लफ क्रीकची. १९७६-७७ मध्ये एफबीआयने बिगफूटचे म्हणून आलेले केस तपासले, ते हरणाच्या कुळातले निघाले. अलीकडच्या एका संख्याशास्त्रीय अभ्यासात तर जिथे काळी अस्वलं जास्त तिथे बिगफूट ‘दिसण्याच्या’ नोंदीही जास्त, असं स्पष्ट नातं आढळलं.

बिगफूटने हल्ला केल्याची सगळ्यात गाजलेली कथा १९२४ ची, सेंट हेलेन्स डोंगरातल्या खाणकामगारांची. रात्रभर केबिनवर दगड पडत राहिले असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे आधी गोळी त्यांनी झाडली होती. त्या दरीच्या काठावरून हलके ज्वालामुखी दगड खाली टाकणं हा जवळच्या शिबिरातल्या पोरांचा खेळ होता, असा खुलासा पुढे आला. शंभर वर्षांत केबिनवरच्या दगडांच्या पलीकडे पुरावा गेलेला नाही.

तुलनेसाठी: उत्तर अमेरिकेत १९०० ते २००९ या काळात काळ्या अस्वलांनी मारलेली ६३ माणसं एका तपशीलवार अभ्यासात नोंदली आहेत. बिगफूटच्या खात्यावर शून्य.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्कामेनिया काउंटीने १९६९ मध्ये बिगफूटला मारणं गुन्हा ठरवलं. दंड १० हजार डॉलर आणि पाच वर्षांपर्यंत कैद. वरवर गंमत वाटते, पण त्या ठरावात चिंता माणसांची होती: बिगफूट मारायला बंदुका घेऊन फिरणाऱ्यांच्या हातून कुणीतरी केसाळ कोटातला माणूस मरेल. ती भीती अगदीच हवेतली नव्हती. २०१२ मध्ये मोंटाना राज्यात एक माणूस शिकाऱ्यांचा झुबकेदार वेष घालून रात्री हमरस्त्यावर उभा राहिला. लोकांना बिगफूट दिसल्याचा भास व्हावा हा त्याचा बेत होता, असं पोलिसांनी सांगितलं. दोन गाड्यांनी त्याला उडवलं.

मांडे बारुंग आणि बाकीची मंडळी

मेघालयाच्या गारो टेकड्यांतला मांडे बारुंग हा माकडमानव आपल्याच देशातला, म्हणून त्याची विशेष चौकशी होते. २००८ मध्ये त्याचे म्हणून दिलेले केस इंग्लंडात तपासले गेले, ते घोरल या डोंगरी बकरीसारख्या प्राण्याचे निघाले. गारो टेकड्यांत जायचं असेल तर काळजी हत्तींची आणि मलेरियाची घ्यावी. भारतात खराखुरा कपी एकच, हूलॉक गिबन, आणि तो फक्त ईशान्येत. झाडावर राहतो, माणूस दिसला की दूर पळतो.

चीनचा येरेन, सुमात्राचा ओरांग पेंडेक, ऑस्ट्रेलियाचा यावी, मंगोलियाचा अल्मास: चौघांचीही गोष्ट तीच. हाड नाही, दात नाही, जखमी माणूस नाही.

‘आंबोलीत अजून नवे प्राणी सापडतात, मग हा का नाही?’ असं कुणी विचारतं. सापडतात, खरं आहे. आंबोलीच्या सड्यावरचा (कातळी पठारावरचा) एक इवला भेक २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने कळला. पण तो तळहातात मावतो आणि पावसाळ्याचे काही आठवडेच बाहेर दिसतो. माणसाएवढा सस्तन प्राणी पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा तर एक-दोघांनी भागत नाही, त्यांचा कळप लागतो. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यांत तिथून जाणारा एखाद-दुसरा वाघसुद्धा टिपला जातो. कळप सुटणार नाही.

दिल्लीचं ‘काळं माकड’, २००१

दंतकथांच्या यादीत निव्वळ अफवेपायी माणसं मेली ती इथे. मे २००१, दिल्ली आणि गाझियाबादचा परिसर, कडक उन्हाळा, वीज सारखी जाणारी, लोक गच्चीवर झोपलेले. माणसासारखं माकड नख्यांनी ओरबाडतं अशी बातमी पसरली. पोलिसांना शेकडो फोन गेले. चौकशीत असा कोणताही प्राणी किंवा माणूस आढळला नाही, ओरखडे उंदीर-मांजरांचे किंवा स्वतःचेच असावेत असं निघालं. पण ‘आलं, आलं’ या ओरड्याने लोक अंधारात गच्चीवरून, जिन्यावरून पडले आणि त्यात किमान दोघे दगावले.

हे दिल्लीत झालं म्हणून आपण निवांत राहायचं कारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेतून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ‘वनमाणूस आला’ हा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकणारा माणूस त्याच वाटेवरचं पहिलं पाऊल टाकत असतो. अंधारात घोंगडी पांघरून पाणंदीने येणारा गुराखी, केस वाढलेला मनोरुग्ण, नाहीतर तोंडाला फडकं बांधलेला काजूच्या बागेतला राखण्या: काठी पडते ती यांच्या पाठीवर. एखाद्या पर्यटन व्यावसायिकाच्या डोक्यात पाहुण्यांची गंमत म्हणून केसाळ वेषातला माणूस उभा करायची कल्पना आली तर तीही सोडून द्यावी. तळकोकणात रात्री बॅटरीच्या झोतावर बेकायदा शिकार करणारे अजून आहेत, आणि झोतात दिसलेल्या केसाळ आकाराला ते आधी ‘कोण रे?’ असं विचारत नाहीत.

कोकणातला खरा वनमाणूस

तळकोकण आणि गोव्याकडे वनमाणूस किंवा वनमानव म्हणतात तो प्राणी खरोखर आहे. शास्त्रीय मराठीत त्याला लाजवंती म्हणतात, इंग्रजी नाव स्लेंडर लोरिस. वजन पाव किलोच्या आसपास, शेपूट नाही, हातपाय काड्यांसारखे, डोळे तोंडाच्या मानाने प्रचंड. रात्री फांदीवरून इतका हळू सरकतो की पान हललं की लोरिस हे कळत नाही. बॅटरीच्या उजेडात दोन तांबूस डोळे चमकतात, तेवढ्यावर कथा तयार होतात. खातो किडे.

माणसाला त्याच्यापासून धोका नाही, हातात धरला तर चावेल इतकंच. विषारी म्हणून जो लोरिस प्रसिद्ध आहे तो स्लो लोरिस, तो आपल्याकडे नाही, ईशान्येत आहे. उलट धोका लाजवंतीला: करणी-भानामतीच्या नादात त्याला पकडतात आणि विकतात. वन्यजीव कायद्याने तो सर्वोच्च संरक्षणात आहे. दिसला तर बॅटरीचा झोत डोळ्यांवर धरून ठेवू नका, लाल कागद लावलेला मंद उजेड पुरे. रस्त्यावर सापडला तर उचलून घरी आणू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

| कोण | आहे का | माणसाला इजेची पक्की नोंद | नावावर इजा करणारा |
|---|---|---|---|
| यती | नाही | नाही | अस्वल |
| बिगफूट | नाही | नाही | अस्वल, बंदूक, वेषातला माणूस |
| मांडे बारुंग | नाही | नाही | – |
| दिल्लीचं काळं माकड | नाही | पळापळीतले मृत्यू | अफवा |
| लाजवंती | आहे | नाही | – |
| लाल तोंडाचं माकड | आहे, रोज | चावे, ओरखडे | तेच |
| वानर | आहे | क्वचित | तेच |
| अस्वल | आहे, थोडी | गंभीर जखमा | तेच |
| गोचीड | आहे | माकडताप, मृत्यूही | माकडावर ढकलतात |

माकड आणि वानर: एकाच मापाने मोजू नका

सिंधुदुर्गात ज्यांना केलडी म्हणतात ती लाल तोंडाची, डोक्यावर केसांची टोपी असलेली माकडं आणि काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं, या दोघांचा स्वभाव वेगळा. वानर अंगाने मोठं, पण पाला, फुलं, कोवळी फळं खाणारं. त्याचा उपद्रव कौलांना आणि हापूसच्या मोहोराला. माणसाच्या हातातली पिशवी ओढायला ते सहसा येत नाही, पण कोपऱ्यात अडकलं किंवा पिल्लाजवळ गेलात तर मात्र येतं.

लाल तोंडाचा नर पाच ते दहा-अकरा किलोचा, आणि आकाराच्या मानाने सुळे भयंकर. आंबोली घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी वर्षानुवर्षं भजी, कणीस, चिप्स मिळत गेल्याने त्यांच्या डोक्यात प्लॅस्टिकची खुळखुळ म्हणजे खाऊ हे पक्कं बसलं आहे. बहुतेक चावे तीन चुकांतून होतात. पहिली, खाऊ देता देता मध्येच थांबणं. दुसरी, पळवलेली वस्तू ओढून परत घ्यायला जाणं. तिसरी, सेल्फीसाठी दात दाखवून डोळ्यांत बघत हसणं, जे माकडाच्या लेखी भांडणाचं आव्हान असतं. माकड टक लावून बघतंय, भुवया वर करतंय, तोंड उघडून सुळे दाखवतंय, हाताने जमीन आपटतंय, इथवर आलं की पुढचं पाऊल झेपच.

अशा वेळी नजर खाली, दोन्ही रिकामे तळहात उघडे करून दाखवायचे, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरायचं. पळायचं नाही. पिशवी ओढलीच तर सोडून द्यायची. पिशवी २० रुपयांची आणि रेबीजच्या लशीचे हेलपाटे चार. लहान मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन गाडीबाहेर सोडू नये. घरात माकड शिरलं तर बाहेरचं एक दार सताड उघडून त्याची वाट मोकळी करा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. दारातच काठी घेऊन उभं राहिलात की ते तुमच्या अंगावरूनच बाहेर जाईल.

चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर हा क्रम चुकवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. घाईघाईचं दोन मिनिटांचं धुणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण विषाणू कमी करण्याचं सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक काम तिथेच होतं. मग बेटाडीन लावा. हळद, चुना, मिरची, कॉफी काहीही भरू नका. जखम लगेच शिवून घेऊ नका, विषाणू आत ढकलला जातो. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. सरकारी दवाखान्यात कातडीत दिली जाणारी रेबीज लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. दंडात खोल टोचली तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर रेबीजविरोधी सीरमही भरावं लागतं. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, सीरमसाठी बऱ्याचदा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं लागतं, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. ‘माकडाला कुठे रेबीज असतो’ म्हणून लस टाळणारे भेटतात. माकडात तो क्वचित आढळतो, पण झाला तर वाचवणारं औषध नाही.

अस्वल

कोकणच्या बाजूला अस्वलं कमी, पण दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगडच्या सीमेवरच्या रानात आहेत. दंतकथेच्या वर्णनाला सगळ्यात जवळ जाणारा प्राणी हाच: काळा, झिपरा, दोन पायांवर उभा राहून वास घेणारा. ‘वनमाणूस’ पाहिल्याचं कोणी शपथेवर सांगत असेल तर आधी जवळपास वारुळं फोडलेली आहेत का ते पाहा. ठशावरूनही कळतं. माणसाच्या पावलात सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला, अस्वलाचं सगळ्यात लहान बोट आतल्या बाजूला. अस्वलाची बोटं जवळपास एका ओळीत उमटतात आणि नख्यांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे.

आपलं अस्वल माणूस खायला येत नाही. ऐकू कमी येतं, मुंडकं वारुळात, आणि अचानक दहा पावलांवर माणूस. मग घाबरून तोंडावरच झडप. उपाय सगळा आधीचा आहे: पहाटे आणि तिन्हीसांजेला उंबर, जांभूळ, वारुळांच्या जागा टाळा, तिघे-चौघे बोलत चला, काठी आपटत चला. लांबून दिसलं तर हळू मागे या. झाडावर चढू नका, ते तुमच्याहून चांगलं चढतं. अंगावर आलंच तर पालथे पडा, बॅग पाठीवर राहू द्या, बोटं मानेमागे गुंफा, तोंड जमिनीकडे. इजा झाली तर दवाखान्याबरोबर वनविभागालाही ४८ तासांच्या आत कळवा, भरपाईसाठी पंचनामा लागतो.

ज्याला कोणी घाबरत नाही तो गोचीड

या आढाव्यातला आमचा खरा उमेदवार तिळाएवढा आहे. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये सापडला. २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात आला आणि पुढच्या वर्षी बांदा भागात पसरला. माकडाच्या चाव्याने तो होत नाही, माणसाकडून माणसालाही होत नाही. विषाणू रानातल्या गोचिडीत असतो. माकडं त्याने मरतात, मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पाचोळ्यात पसरतात, आणि काजू वेचायला, भाजावळीसाठी पातेरा गोळा करायला, गुरं हाकायला गेलेल्याच्या पायावर चढतात. डिसेंबर ते मे हा हंगाम, म्हणजे नेमका थंडीतल्या सहलींचा आणि काजू-आंब्याचा. दगावण्याचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के.

करायचं काय? फुल पँटचे पाय मोज्यांत खोचा. बूट-मोज्यांना आणि उघड्या कातडीला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल किंवा डीट असलेलं मलम लावा, डेपा तेल माकडतापाच्या गावांत आरोग्य विभाग वाटतो. पाचोळ्यावर बसू नका, लोळू नका, चटई टाकली तरी कडा पाचोळ्याला टेकतात. परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंघोळ साबण लावून, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या मुळाशी बोटांनी चाचपणी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी लावली की ती आतलं सगळं जखमेत ओकते. नखाने चिरडू नका.

रानातून आल्यावर दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि कंबर फुटल्यासारखी दुखणं, डोळे लाल, हिरड्यांतून रक्त, यांपैकी काही झालं तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: ‘दोडामार्गच्या रानात गेलो होतो.’ ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढू शकतो, तेव्हा ‘बरा झालो’ म्हणून तपासणी सोडू नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

रात्रीचं रान

देवचार, राखणदार, चकवा यांच्याबद्दल गावात जे पाळलं जातं ते पाळावं, त्यात पाहुण्याचं काही जात नाही. चकव्याचा अनुभव तर खराच असतो: धुकं असेल, चंद्र-तारे दिसत नसतील तर माणूस सरळ चालतोय समजून गोल फिरतो. उपाय एकच, थांबणं आणि उजाडेपर्यंत बसणं. अंधारात उतार शोधत निघालेला माणूस कड्यावर पोचतो.

रात्री शेताच्या कडेने चालण्यात त्याहून मोठा धोका म्हणजे डुकरांसाठी चोरून वीज सोडलेली तार आणि क्लचवायरची फासकी. हे बेकायदा आहे, तरी होतं. कुंपण ओलांडू नका, अनोळखी तारेला हात लावू नका, यजमानाला विचारूनच निघा. सड्यावर आणि जांभ्याच्या गडग्यावर उजेडाशिवाय हात-पाय टेकू नका, फुरसं तिथेच असतं. घाटात गवा समोर आला तर हॉर्न न वाजवता दिवे मंद करून थांबायचं. जळवांची काळजी सोडा.

मग ठरवायचं कसं

लहान मुलं, मे महिन्याची सुट्टी, दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या बागेतलं घर: जाऊ शकता, पण बुकिंगआधी यजमानाला एकच प्रश्न विचारा, यंदा गावात माकडं मेली का. ‘हो’ आलं तर किनाऱ्याकडे वळा, वेंगुर्ले-मालवण तिथून दूर नाही. लाजवंती बघायचा हौशी गट असेल तर पाऊस सरल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे, गोचिडीचा जोर कमी असतो, मात्र सापांसाठी पायात गमबूट हवेत आणि सोबत स्थानिक वाटाड्या. पावसाळ्यात आंबोली: माकडं, धुकं आणि निसरडं, खाऊ डिकीत बंद, मुलांचे हात धरलेले. ‘वनमाणूस दर्शन’ किंवा कळपाला खाणं घालून फोटो अशी जाहिरात करणारं ठिकाण कोणत्याही महिन्यात टाळा.

वाटेत खरोखर विचित्र ठसा दिसलाच तर त्याशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढा, पुढचा-मागचा ठसा आणि दोघांमधलं अंतर घ्या, जागेचं लोकेशन टिपा आणि वनरक्षकाला पाठवा. कुटुंबाच्या ग्रुपवर नको. बेत रद्द करावा अशी कारणं तीनच: गावात माकडं मरत असल्याची आरोग्य केंद्राची सूचना, त्या वाडीच्या आसपास हत्ती किंवा अस्वल फिरत असल्याची वनविभागाची सूचना, आणि घाट बंद असल्याची बातमी.